हवेत आवळलेले बोल्ट
सायकलच्या चेनला ग्रीस लावलं की त्या वासाने नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावातली ती भाड्याची शेड आठवते. हौसेने घेतलेल्या जुन्या, दांडग्या इंजिनाच्या अमेरिकन मसल कारला मी मागचं नवं सस्पेन्शन बसवत होतो. मदतीला ऑफिसमधला डच मित्र होता, आणि पुण्याहून आलेले बाबा कानटोपी घालून स्टुलावर बसले होते. त्यांची उभी हयात ट्रकच्या गॅरेजात गेलेली. गाडी स्टँडवर होती, मागची चाकं लोंबत होती, आणि मी बोल्ट आवळायला घेतले. "अरे, आधी गाडी चाकांवर उतरव," बाबा म्हणाले. "वजन आल्यावर आवळ, नाहीतर सांध्यातल्या रबराला पीळ बसेल." काय म्हणतायत, मित्राने विचारलं. "काही नाही, त्यांना थंडी वाजतेय," मी इंग्रजीत म्हणालो. तेवढं इंग्रजी बाबांना समजतं, हे मला ठाऊक होतं. ते उठून घरी गेले. गाडी मागून उंचच राहिली, प्रत्येक स्पीडब्रेकरला कण्हायची. मी शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले, स्प्रिंगा बदलल्या. बाबा पुण्याला परतल्यावर एका मेकॅनिकने गाडी चाकांवर उभी ठेवून तेच बोल्ट सैल केले, पुन्हा आवळले, आवाज गेला. रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "आवाजाचं काय झालं रे?" "पार्टच खराब निघाले," मी म्हणालो. "असं होय," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी गाडीचा विषय कधी काढला नाही. आताही दर रविवारी एवढंच विचारतात, "थंडी वाजत नाही ना रे तिकडे?"