टाकात कोंडलेली आई

माझ्या लहानपणी खलनायक ओळखायला अक्कल लागत नसे. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत दुपारी केबलवर कार्टूनचे सिनेमे लागायचे, हिंदीत बोलणारे. वाईट बाई यायची असली की आधी तिचं संगीत यायचं, मग तिच्या भुवया, आणि मग ती स्वतः. चांगली माणसं गोरीगोमटी आणि जरा बावळट असायची. शेवटी वाईट बाई कड्यावरून खाली पडायची आणि मी टाळ्या वाजवून जेवायला जायची. इतका चोख न्याय मला पुढे कुठेच मिळाला नाही.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. वर्षभराने बाबांनी दुसरं लग्न केलं. नव्या बाईला मी ‘मावशी’ म्हणायचं, असं आत्याने ठरवलं. मावशीच्या भुवया जाड होत्या. माझं निम्मं काम तिथेच झालं.

उरलेलं निम्मं तिच्या गळ्यात होतं. आमच्याकडे पहिली बायको वारली की दुसरीने तिच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा अशी रीत. नखाएवढा चांदीचा पत्रा आणि त्यावर उठवलेली बाईची आकृती. मावशी रोज सकाळी त्याला हळदकुंकू लावायची. नवी साडी नेसण्याआधी त्याला दाखवायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “ही तुझी आई.” बिचारी तिला माहीत होतं तेच सांगत होती. पण त्याच आठवड्यात मी पाहिलेल्या सिनेमात एक जादूगारीण चांगल्या माणसांना बाटलीत कोंडायची, आणि जादू मोडली की ती माणसं हसत बाहेर यायची. मी हिशेब मांडला. आई मेलेली नव्हतीच. मावशीने तिला चांदीत कोंडलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सायखेड्याला आत्याकडे गेलो. मावशीच्या मंगळसूत्राचा दोरा विरला होता, म्हणून ते पटवेकऱ्याकडे गाठवायला दिलं होतं. त्यात ओवलेला टाक तेवढा काढून देव्हाऱ्यात एका वाटीत ठेवलेला. मी तो मुठीत घेतला आणि घाटाकडे धूम ठोकली. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. गंगेत माणसांची पापं धुऊन निघतात, तर जादू कशी नाही निघणार? मी डोळे मिटले आणि टाक फेकला.

मग वाट पाहिली. बाया धुणं धूत होत्या. एक म्हैस पाण्यातून उठून गेली. आई कुठली साडी नेसून येईल यावर माझा विचार चालला होता. हिरवी असावी असं मला वाटत होतं. ऊन उतरेपर्यंत मी तिथे बसले. त्या दुपारइतकी वाट मी पुन्हा कुणाची पाहिली नाही.

संध्याकाळी घरात गहजब झाला. “पहिलीचं नाव गळ्यात जड झालं का हिला? लय शहाणी हाय ही!” आत्या शेजारणींसमोर ओरडली. “माझ्याकडूनच हरवला,” मावशी मान खाली घालून म्हणाली. बाबा समोरच बसले होते. त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मला मात्र आनंद झाला, कारण वाईट बाईला शिक्षा होत होती. आठ दिवसांत बाबांनी सराफ बाजारातून नवा टाक करून आणला आणि मावशीने तो मुकाट्याने गळ्यात घातला.

पुढे शहाणपण आलं, आणि शहाणपणाबरोबर लाज. माझ्या गोष्टीतले चांगले राजे म्हणजे बाबा. ते त्या दिवशी गप्प का बसले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले. मावशीला मात्र एकदा खरं सांगायचं होतं. तिने मला माफ करावं, एवढंच हवं होतं. पंचवीस वर्षं तेवढा धीर झाला नाही.

या मे महिन्यात माझी मुलगी मावशीच्या घरी बसून एक नवा सिनेमा पाहत होती. हल्लीच्या खलनायकांना दुःखी बालपण असतं. मुलगी अशाच एका खलनायकासाठी मुसमुसून रडत होती. “अगं, वाईट आहे तो!” मी चिडून म्हणाले. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. मावशी विळीवर लोणच्याच्या कैऱ्या चिरत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “घाटावर तुझ्या मागोमाग आले होते मी. वरच्या पायरीवर उभी होते.”

“मग अडवलं का नाहीस?”

“नको होता मला तो.” तिने कोयी बाजूला सारल्या. “रोज उठून सवतीला कुंकू लावायचं. तू फेकलास आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू?”

मला राग आला. इतकी वर्षं मनातल्या मनात माफी मागून मी तिची देवी करून ठेवली होती, आणि ही माझ्या आईला बुडताना बघत उभी होती! वाईट बाई नाही तर निदान देवी तरी हवी होती मला. अशा वेळी त्या जुन्या दुपारी फार हव्याशा वाटतात. कुणावर रागवायचं ते तेव्हा पक्कं ठाऊक असायचं.

“माझा राग नाही आला तुला?”

“आला की. वन्संनी चारचौघांत बोल लावले, तेव्हा आला. पण तू किती वेळ बसलीस गं उन्हात. कशाची वाट बघतेस ते कळलं मला. खाली यायला पाय उचलला होता.”

“मग?”

“धीर नाही झाला. वाटलं, तू वळून बघशील आणि आईऐवजी मी दिसेन.”

ती पुन्हा कैऱ्या चिरू लागली. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती, आज मी आहे त्याहून आठ वर्षांनी लहान. नवऱ्याच्या बहिणीच्या गावात, एका अनोळखी मुलीच्या पाठीकडे बघत, एकटी. मी विळी बाजूला केली आणि समोरच्या बाईला जवळ घेतलं. पण वरच्या पायरीवरच्या त्या सव्वीस वर्षांच्या मुलीपर्यंत माझा हात पोचला नाही.