शैलाने निवडलेला शेवटचा खेळ

शैला गेल्याचं मला तिच्या पुतण्याच्या स्टेटसवरून कळलं. सकाळी शाळेत निघताना मोबाईल उघडला, तर शैला पलंगावर बसून हसत होती. पुढ्यात परात, परातीत पिवळंजर्द पाणी, मागे टाळ्यांचा आवाज. वर लिहिलेलं, 'मिस यू काकी', आणि कसलंसं रडवं गाणं जोडलेलं. महिना उलटला तरी लोक मला तो व्हिडिओ पाठवतात. "किती हसतमुख होत्या हो मॅडम!" मी उत्तर देत नाही. दिलं तर तोंडातून वाईट शब्द जाईल.

संगमनेरला डी.एड.ला असताना आम्ही एका खोलीत राहायचो. पहिल्याच आठवड्यात घरच्या आठवणीनं मी रडत बसले होते. ही समोर येऊन बसली, माझ्याच वेणीचा रबर मागून घेतला, दोन बोटांत अडकवला, मूठ मिटली, उघडली... रबर दुसऱ्याच दोन बोटांत! रडणं कुठल्या कुठं गेलं. तिच्याकडे ना जादूगाराची पेटी होती, ना काळा कोट. वाटी, सुतळी, काडेपेटी, बांगडी, एवढ्यावर तिचं भागायचं. यातलं काय कधी करायचं हे कसं ठरवतेस, असं एकदा विचारलं, तर म्हणाली, "आपल्याला काय छान येतं ते नाही बघायचं, मंगल. समोरच्याच्या हातात काय आहे ते बघायचं. त्याची स्वतःची वस्तू असली की त्याला खोटं म्हणता येत नाही." याच एका गोष्टीत ती चुकली. माणसांना सगळं म्हणता येतं.

लग्न होऊन ती राहुरीजवळच्या गावात गेली. सासू आधी म्हणाली, "घरंदाज बाया असले खेळ करीत न्हाईत." पण पाहुण्यांना मजा येते हे कळल्यावर घराचा सूर बदलला. मग कोणी आलं, की नवरा विलास आतल्या खोलीकडे बघून हाक मारायचा, "शैला, दाखव गं काहीतरी!" ती कणकेचे हात धुऊन यायची, पाहुण्याच्याच हातरुमालातून त्याचीच अंगठी गायब करायची आणि पुन्हा पोळ्या लाटायला जायची. स्वतः शिक्षिका, नवरा कॉलेजात प्राध्यापक, थोरला दीर गावातला वजनदार माणूस. पण त्या घरात तिचं बोलणं कोणी ऐकल्याचं मला आठवत नाही. फक्त बघायचे.

यंदा तिला ताप आला, उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे पडले. दवाखान्यात न्यायचं सोडून दिरानं तिला कावीळ उतरवणाऱ्या एका बाबाकडे नेलं. त्यानं तळहातांना झाडपाला चोळला, पांढरट पाण्यानं हात धुवायला लावले, आणि पाणी पिवळं झालं. "बघा, उतरायला लागली!" घर खूश. पुढच्या रविवारी परत बोलावलं होतं. मी भेटायला गेले, तेव्हा शैलाला धड बसवत नव्हतं. तिनं माझा हात धरला. "ही हातचलाखी आहे गं. मी सांगून थकले. मला अंगणातल्या आंब्याची साल आणून दे, आणि सासूबाईंच्या चंचीतला चुना."

मी साल ठेचून रस काढला, चुना पाण्यात कालवून वरची निवळी घेतली. शैलानं सगळ्यांना खोलीत बोलावलं. पुतण्यानं मोबाईल धरला. तिनं दिराला म्हटलं, "भावजी, हात पुढं करा." धडधाकट माणूस तो. त्याच्या तळहातांना तिनं रस चोळला, वाळू दिला, मग परातीवर हात धरायला लावून निवळी ओतली. पाणी पिवळं झालं. "झाली ना तुम्हालाही कावीळ?" शैला हसत म्हणाली. "आता मला दवाखान्यात न्या."

टाळ्या पडल्या. दीर स्वतःचे पिवळे हात बघून पोट धरून हसला. "शैला, आजारातबी तुझा खेळ काय सुटत न्हाई!" विलास म्हणाला, "बघितलंत ताई? हिची तब्येत सुधारतेय." मी ओरडले, की अहो, ती खेळ करत नाही, ती तुम्हाला सांगतेय! तर विलास मला बाहेर घेऊन आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, घरातल्या मोठ्यांचं मन मोडायचं नसतं." आणि रविवारी तिला पुन्हा तिकडेच नेलं.

त्यानंतर ती बरळायला लागली, तेव्हा कुठं नगरला हलवली. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" लवकर आणली असती तर वाचलीच असती, असं तेही छातीठोक सांगेनात. न सांगोत. दहाव्याला नदीकाठी माईकवरून दीर म्हणाला, "आम्ही काही कमी केलं नाही, नियतीपुढं कुणाचं चालत नाही." मी मंडपातून उठून चालू लागले. मला शैलाचाही राग आला होता... हसली कशाला? परात भिरकावून का नाही दिली?

मागच्या आठवड्यात तिची सासू एकटीच एसटीनं माझ्या दारात आली. पाणीही न घेता म्हणाली, "ते पान्याचं मला शिकीव."

"कशाला?"

"शेजारच्या पोरीला कावीळ झालीय. तिची आई रविवारी बाबाकडं न्यायची म्हनती. तोंडानं सांगितलं, ऐकत न्हाई."

"शैलानं करून दाखवलं होतं ना? तुमच्यासमोर?"

"व्हय. मीबी टाळ्या वाजिवल्या."

मी तिला या, बसा म्हटलं नाही. ओट्यापाशी उभी करूनच शिकवलं. निवळी सारखी सांडत होती. एकदाचं जमल्यावर पदराला हात पुसून ती निघाली.

परवा तिचा फोन आला. पोरीच्या आईच्याच हातावर करून दाखवलं. ती बाई आपल्या हातांकडे बघत राहिली, चपला घातल्या आणि तडक पोरीला घेऊन राहुरीच्या दवाखान्यात गेली. "सलाईन लावलंय. जेवाया लागली पोर."

"बरं झालं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. आनंद व्हायला हवा होता. पण संतापच आला. त्या बाईला चपला घालायला जेवढा वेळ लागला, तेवढाच विलासला लागला असता.