सुकेळीच्या कंपनीचं बारसं

"सही नंतर. आधी सांगा, हे नाव कोणी ठेवलं?"

मनूआत्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला आणि अडकित्ता हातात घेतला. हात सुपारी कातरत होते, डोळे माझ्यावर होते. शेजारी त्यांची भाचेसून सुनीता बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी ओट्यावरच्या फरशीकडे बघितलं.

मी कन्सल्टंट आहे. वसई स्टेशनच्या पश्चिमेला माझा गाळा आहे. दुकानाचं गुमास्ता, जीएसटी, फूड लायसन्स, कंपनी रजिस्ट्रेशन अशी कामं करतो. लोकांना धंदा करायचा असतो आणि सरकारला कागद हवा असतो. मधल्या जागेत मी बसतो.

आत्यांच्या हातात मी दिला होता तो एनओसीचा कागद. 'माझ्या घरात या कंपनीचं ऑफिस असायला माझी हरकत नाही' एवढं घरमालकाने लिहून द्यायचं असतं. घर आत्यांच्या नावावर. आत्यांनी लग्न केलं नाही, वडिलांची वाडी सांभाळली, भाऊ गेल्यावर भाचा प्रकाश याला वाढवला. हे घर वसईजवळच्या होळी गावात आहे. सणाशी संबंध नाही, गावाचं नावच होळी आहे. प्रकाश आणि सुनीता राहायला नालासोपाऱ्यात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. तिथला मालक पाहुणे आले तरी हरकत घेतो, तो एनओसी काय देणार? शिवाय माल बनणार होता आत्यांच्या माळ्यावर आणि अंगणात. म्हणजे फूड लायसन्सलाही आत्यांचीच संमती लागणार.

माल म्हणजे सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची, मधाच्या रंगाची झाली की केळीच्या सोपात, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीत, बांधायची. आत्या आयुष्यभर करत आल्या. सुनीता त्यांच्याकडून शिकली आणि तिने अंधेरीतल्या नोकरीचा राजीनामा दिला. मुंबईतल्या एका मोठ्या स्टोअरने माल घ्यायची तयारी दाखवली होती, पण कंपनीचे कागद महिना संपायच्या आत हवे होते. नाहीतर ते दुसरीकडून घेणार होते. सुनीताचा नोटीस पिरियडही महिनाअखेरीलाच संपत होता, उरलेले दिवस ती रजा टाकून माळ्यावर राबत होती. तिच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, "विचार बदलला तर शेवटच्या दिवसापर्यंत सांग." हे वाक्य ती मला दर भेटीत ऐकवायची. माझी झोप उडायला तेवढं पुरेसं होतं.

आता नावाविषयी. लोकांना वाटतं नाव सुचणं अवघड असतं. नाव सुचणं फार सोपं असतं, कारण ते आधीच दुसऱ्या कुणालातरी सुचलेलं असतं. कंपनीचं नाव मी तीन ठिकाणी तपासतो. एक, सरकारी कंपनी रजिस्टर, तिथे तसंच किंवा मिळतंजुळतं नाव नको. दोन, ट्रेडमार्क. म्हणजे त्या प्रकारच्या मालाला तो शब्द कुणी आधीच राखून ठेवलाय का. तीन, बाजार आणि इंटरनेट. कारण नोंदणी न करताही एखादा वर्षानुवर्षं ते नाव वापरत असला, तर उद्या तो भांडायला येऊ शकतो आणि जिंकूही शकतो. मग अर्ज करायचा. एका अर्जात दोन नावं. नाकारली तर त्याच अर्जात पुन्हा दोन. तीही गेली की नवा अर्ज, नवी फी आणि क्लायंटचा नवा चेहरा.

सुनीताची पहिली दोन नावं गेली. दोन्हींत 'गोल्ड' होतं. वसई-विरारमधल्या निम्म्या खाद्यपदार्थांत सोनं असतं. पुढची दोन नावं देताना ती रडकुंडीला आली होती. "सर, तुम्हीच काहीतरी सुचवा ना. नक्की पास होणारं."

इथे माझ्या हातून ते झालं.

माझ्या धंद्यात एक सोय आहे, ती आम्ही बाहेर सांगत नाही. नवराबायकोच्या नावांची पहिली अक्षरं जोडून झाली, देव संपले, मुलांची नावं संपली, की आम्ही शब्द बनवतो. शेवटी 'रिना', 'विटा', 'झो' असलं काहीतरी लावायचं. जगात कुणाकडेच नसतो असा शब्द, त्यामुळे पास होतो. मी बनवला 'व्हेलोरिना'. दोन मिनिटांत. चहा यायच्या आत.

"अर्थ काय सर?" सुनीताने विचारलं.

खरं उत्तर 'काही नाही' हे होतं. पण तिच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की माझं तोंड माझ्या आधी बोललं. "लॅटिन आहे. पिकलेलं सोनं."

सोनं तिला हवंच होतं. ती खूष झाली. 'व्हेलोरिना फूड्स' पास झालं. आणि मी त्या रात्री कूस बदलत बसलो. बायको म्हणाली, "खोटं बोललात ना कुणाशी? सरळ झोपा, नाहीतर सरळ फोन करून सांगा." मी दोन्ही केलं नाही.

तर आता ओट्यावर आत्या विचारत होत्या, नाव कोणी ठेवलं.

"मी सुचवलं," मी म्हणालो. "पण सुनीताताईंना आवडलं."

"तुम्ही हिचे कोण?"

"कन्सल्टंट."

"या घरात नाव आत्या ठेवते. प्रकाशचं मी ठेवलं. त्याच्या मुलीचं त्याच्या बहिणीने ठेवलं, दुबईहून आली होती त्यासाठी. विहिरीवरच्या पंपाचं नावसुद्धा मी ठेवलंय. आणि माझ्या घराच्या कंपनीचं नाव घाटावरचा माणूस ठेवणार? मला न विचारता?"

मी मूळचा साताऱ्याकडचा. विरारला फ्लॅट घेऊन वीस वर्षं होत आली तरी इथल्या वाड्यांमध्ये मी घाटावरचाच. आत्या घरच्यांशी त्यांच्या वाडवळी बोलीत बोलतात, माझ्याशी मात्र स्वच्छ मराठीत. अपमान नीट कळावा म्हणून असेल.

"आत्या, अर्थ छान आहे," सुनीता घाईघाईने म्हणाली. "लॅटिनमध्ये पिकलेलं सोनं."

"लॅटिन?" अडकित्ता थांबला. "मग बरं झालं. फादर येतीलच आता केळी न्यायला. ते रोमला लॅटिन शिकलेत. त्यांना विचारू. बरोबर निघालं तर सही करते."

मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही तालुक्यात ही थाप पचली असती. साताऱ्यात लॅटिन काय, संस्कृत म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं. वसईत मात्र केळी घ्यायला येणारं गिऱ्हाईकही लॅटिन शिकलेलं असू शकतं, हे मी वीस वर्षं राहूनही विसरलो होतो.

स्कूटर अंगणात आली. फादर निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, हातात कापडी पिशवी. आत्यांनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

"फादर, व्हेलोरिना म्हणजे काय?"

फादरनी तो शब्द दोनदा पुटपुटला. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या कपाळावरचा घाम त्यांना दिसला असावा. आयुष्यभर लोकांचे कबुलीजबाब ऐकत असल्या चेहऱ्यांसमोर बसलेला माणूस तो.

"माझ्या ओळखीचा नाही हा शब्द," ते हळूच म्हणाले. "पण माझं लॅटिन आता गंजलंय, मनू. असेलही."

त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. मी गुपचूप निसटू शकलो असतो. पण सुनीता अजून आशेने माझ्याकडे बघत होती, आणि ते मला सहन होईना.

"नाहीये," मी म्हणालो. "लॅटिन नाही, काहीच नाही. मी बनवलं. अर्थही बनवला. चुकलो मी, फादर."

"मला काय सांगता? मी केळी घ्यायला आलोय," फादर म्हणाले. "त्या मुलीला सांगा."

सुनीताचा चेहरा उतरला होता. "कदम सर, मी ऑफिसच्या फेअरवेलच्या भाषणात सांगितलं हो. सगळ्यांसमोर. पिकलेलं सोनं म्हणून. टाळ्या वाजल्या." मग म्हणाली, "उद्या साहेबांना फोन करून सांगते, राजीनामा मागे घेते. माझ्या पहिल्याच गोष्टीत थाप निघाली."

प्रकाश आतून पाण्याचे ग्लास घेऊन आला आणि वातावरण बघून तसाच दारात उभा राहिला.

"फोनबिन काही नाही," आत्या म्हणाल्या. "नाव मी ठेवते. काढा तुमचा मोबाईल. बघा. अन्नपूर्णा."

मी बघितलं. पडदा खाली सरकवत राहिलो, यादी संपेना.

"आहे आत्या. खूप आहेत."

"एवढ्या अन्नपूर्णा आहेत तर लोक हॉटेलात का जेवतात? बरं. वसई सुकेळी."

"गावाचं आणि पदार्थाचं नाव एकट्याला मिळत नाही. उद्या शेजारचाही वसईची सुकेळी विकेल, त्याला कसं अडवणार?"

"शेजारच्याला सुकेळी येत नाही. ओली राहतात त्याची. बरं, एकवीरा."

"आहेत."

"जीवदानी."

"आत्या, देवी एकही शिल्लक नाही."

फादर पिशवीत केळी भरत म्हणाले, "संतांची नावं बघू नका. तीही सगळी शाळांनी घेतलीत."

आत्या वैतागल्या. आणि वैताग काढायला माणूस समोर होतंच, त्या सुनीतावर घसरल्या. "हिच्यामुळे सगळं. चांगली एसीत बसत होती. ही माळ्यावर चढल्यापासून घरात नुसती खुडबुड. पहाटे खुडबुड, दुपारी मी आडवी झाले की खुडबुड. ट्रे इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. घूस शिरल्यासारखी खुडबुड!"

मोबाईल माझ्या हातात होता. बोटं सवयीने चालली. कंपनी रजिस्टर, काही नाही. ट्रेडमार्क, सुकवलेल्या फळांचा वर्ग, काही नाही. इंटरनेटवर कुणाच्यातरी उंदरांच्या तक्रारी होत्या, धंदा नव्हता.

"आत्या," मी म्हणालो, "हे मोकळं आहे."

"काय मोकळं आहे?"

"खुडबुड."

प्रकाश दारातच हसला आणि पाणी सांडलं. आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जरा मागे सरकलो.

"हे नाव आहे होय? मी हिला बोलत होते!"

"तुमच्याच तोंडून आलंय. आणि मला वाटतं देशात कुणी घेतलेलं नाही. पण याचा निर्णय माझा नाही. मी परत काही सुचवणार नाही."

सगळे सुनीताकडे बघायला लागले. तिने डोळे पुसले.

"ऑफिसात आठ वर्षं काम केलं," ती म्हणाली. "माझ्या कामाचा कुणाला आवाज आला नाही. इथे निदान आत्यांची झोप मोडते." मग ती हसायला लागली. "हेच ठेवा. खुडबुड फूड्स. अर्थ विचारला तर मला सांगता येईल."

आत्यांनी सुपारी तोंडात टाकली. बराच वेळ चघळली. "स्टोअरवाले हसतील."

"हसले तर लक्षात ठेवतील," फादर म्हणाले.

"मग नीट करू," आत्या उठल्या. "नाव कानात सांगायला लागतं. कंपनीला कान कुठेत?"

आत्यांनी माझ्याकडे बोट केलं. "कागद तुम्ही नेणार ना? मग कान तुमचा."

मी पन्नाशीचा माणूस. ओट्यावर वाकलो. आत्यांनी माझा कान धरला, गरजेपेक्षा थोडा जोरात, आणि त्यात 'कुर्र्र' करून नाव सांगितलं. आता बारशाला नाव ठेवलं की बाकीच्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. प्रकाश पुढे आला.

"माझी पाठ धरलीय," आत्या म्हणाल्या. "ज्याने लॅटिन शिकवलं त्याच्या पाठीत घाला."

प्रकाशने हळू मारला. फादरनी नुसता हात ठेवला, आशीर्वाद दिल्यासारखा. सुनीताने मात्र मनापासून घातला. त्या धपाट्याने मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. त्या रात्री मी पालथा झोपलो, पण झोपलो.

मी एनओसीवरचं जुनं नाव खोडून नवं लिहिलं आणि आत्यांनी तिथेच सही केली. नवा अर्ज माझ्या खर्चाने केला, तो पहिल्या फेरीत पास झाला. कागद महिनाअखेरच्या आत स्टोअरला पोचले. तिथला परचेस मॅनेजर नाव वाचून हसला, मग त्याने सुनीताला नाव पुन्हा म्हणायला लावलं आणि ऑर्डरवर सही केली. सुनीताने साहेबांना फोन केला तो ऑफिसात राहिलेला जेवणाचा डबा न्यायला येते एवढं सांगायला.

मी अजूनही नाव तीन ठिकाणी तपासतो. त्याआधी मात्र क्लायंटला एक प्रश्न विचारतो, तुमच्या घरात नाव कोण ठेवतं? त्या माणसाला बरोबर घेऊन या म्हणतो. रजिस्टरमध्ये नाव मोकळं असलं तरी घरात ते असेलच असं नाही. आणि कुणी नावाचा अर्थ विचारलाच, तर लॅटिनचं काम मी घेत नाही, असं सांगतो.