वळणावरचे डबे
दळून आणलेल्या पिठात हात घातला आणि ते अजून गरम असलं, की मला कारेगावची गिरणी आठवते. मुलगी तेव्हा चौथीत होती आणि तिला साधं वाक्य धड वाचता येत नव्हतं. वर्गात पोरं हसायची, म्हणून रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. एकदा तिला घेऊन दळण टाकायला गेले, तेव्हा हे सांगताना मला रडूच फुटलं. गिरणीवाले आप्पा म्हणाले, "संध्याकाळी धाडा हिला हितं. डब्यावरच्या चिठ्ठ्या वाचंल आन् ज्याचं दळण त्याला दील." तेव्हापासून ती पिठाने पांढरी होऊन, पण खुशीत घरी यायची. मला वाटलं, जमतंय. मग एक दिवस कंपनीतून लवकर सुटले, तर गिरणीपुढच्या वळणावर शेजारच्या दोघी आपापसांत डबे बदलत होत्या. गहूवालीला बाजरी मिळाली होती आणि बाजरीवालीला गहू. मी ओशाळून म्हटलं, "थांबा, तिला सांगते." त्यातली थोरली माझ्यावरच खेकसली, "काय सांगायचं न्हाई! आमचं रोजचंच हाय हे. पोरगी वाचतीया न्हवं, मग वाचू द्या की." इतकी वर्षं हे मी पोटात ठेवलं. परवा दौंडला लेकीकडे गेले, तेव्हा बोलून गेले. ती कणीक मळता मळता हसली. म्हणाली, "मला ठाऊक होतं, आई. मी गिरणीच्या दारातून बघायचे ना. वळणावर कुणीच थांबलं नाही, त्या दिवशी मी पळत घरी आले होते, आठवतं?"