लेकीच्या जहाजाचं इंधन

पांढरकवड्याच्या बाहेर, हैदराबादकडे जाणाऱ्या हायवेला लागून धम्मरत्नचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार खांबांवर टिनाचे पत्रे, हवेचं मशीन, पाण्याचं घमेलं आणि मागच्या बाजूला इंदूबाईची चहाची शेगडी. धम्मरत्नला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. ट्यूब पाण्यात दाबली की बुडबुडे कुठून सुटतात ते बोटांना लागतं, तेवढ्यावर त्याचं काम चालतं. टायर रिमवरून उतरवायचं काम बायको करते. नवे ड्रायव्हर जरा बिचकतात, जुने आपणच पहार धरून हात देतात. माझ्या स्कूटरची ट्यूब त्याच्याच हातची. तिची हवा वारंवार जाते, म्हणून त्याची गोष्टही मला तुकड्यातुकड्यानं कळत गेली.

धम्मरत्न आधी डिझेल मिस्त्री होता. ट्रकचं इंजिन रस्त्यावर उघडून रस्त्यावरच बसवायचा. फुलचंद नावाचा एक सोबती होता, दोघांचं मिळून गॅरेज होतं. देवसिंग हा घाटंजीकडच्या तांड्यावरचा टँकर ड्रायव्हर त्यांच्याकडे नेहमी थांबायचा. एकदा पोळ्याच्या आदल्या दिवशी तो आला आणि जाताना एक प्लॅस्टिकचा डबा ठेवून गेला. म्हणाला, "धम्माभाऊ, पार्ट धुवाले घ्या. ग्रीस असं निंगते का पायतच राहसान."

दुसऱ्या दिवशी पोळा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे खाण्यापिण्याचा दिवस. आमच्याकडे कराच्या दिवशी कोण काय पितो ते कोणी विचारत नाही. फुलचंदनं डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "धम्मा, हे तं दारूच होय बे." रंग पाण्यासारखा, वास दारूसारखा. दोघांनी पाणी घालून घेतली. नशाही बेताचीच आली. दोघं आपापल्या घरी जेवले, झोपले, सकाळी गॅरेजही उघडलं. दुपारी धम्मरत्न बायकोला म्हणाला, "आज धुकं कायचं पडलं व?" बाहेर कडक ऊन होतं.

दोघांना यवतमाळला हलवलं, फुलचंद वाटेतच गेला. धम्मरत्न दवाखान्यात पोचला. तिथे जे झालं ते इंदूबाईला आजही नीट उलगडत नाही. डॉक्टरनं नाकातून नळी घातली आणि नळीतून दारू सोडायला लावली. इंदूबाईनं नर्सचा हात धरला.

"दारूनंच असं झालं, अन् तुमी दारूच पाजून राह्यले?"

डॉक्टर तरुण होता. त्यानं समजावलं, "बाई, यांच्या पोटात गेलेली दारू वेगळी आहे. शरीर तिचं विष बनवतं. साधी दारू दिली की शरीर आधी हिच्या मागे लागतं, तोवर ती दुसरी आपल्याला बाहेर काढता येते."

"मंग दारू चांगली म्हनाची का वाईट?"

डॉक्टरला दुसऱ्या पेशंटकडे बोलावणं आलं. धम्मरत्न वाचला, डोळे वाचले नाहीत. कागदोपत्री 'विषारी दारू' एवढंच आलं. देवसिंगचं नाव धम्मरत्ननं कुठं घेतलं नाही, कारण तो तर धुवायला म्हणून देऊन गेला होता. देवसिंगनं मात्र कित्येक वर्षं हा रस्ता धरला नाही.

त्यांची एकुलती लेक दीपमाला तेव्हा प्राथमिक शाळेत होती. बाप घरी बसला आणि ती त्याचे डोळे झाली, असं लोक म्हणतात, पण खरं म्हणजे ती त्याचे हात झाली. गॅरेजमधली उरलेली हत्यारं तिनंच वापरली. बाप खाटेवर बसून सांगायचा, ती नट उघडायची. पुढे तिनं डिप्लोमा केला, मग मुंबईकडे जहाजाच्या इंजिनाचा कोर्स केला. ज्या पोरीनं तोवर बेंबळा धरणापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं ती समुद्रावर गेली. विहारात तिचा सत्कार झाला, तेव्हा धम्मरत्नला बोलायला उभं केलं. तो "जय भीम" म्हणाला आणि खाली बसला.

पहिलं जहाज काळ्या तेलावर चालणारं होतं. दुसऱ्यावर चढली तेव्हा तिनं फोन केला.

"बाबा, हे नवीन जहाज हाये. धूर नाही, काजळी नाही. जुन्यावर तं नाकातून काळं निंगे."

"डिझेल नाही तं कशावर चालते?"

"मिथेनॉल म्हनते त्याले."

धम्मरत्ननं तो शब्द पाठ केला. दुकानावर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला तो सांगू लागला की माझ्या पोरीचं जहाज मिथेनॉलवर चालते, असं इंजिन तुम्ही पाहिलं नसेल. मलाही सांगितलं. मी घरी जाऊन वाचलं, आणि जे वाचलं ते त्याला सांगावं की नाही हे मला ठरवता आलं नाही.

सांगितलं देवसिंगनं. म्हातारा झाला होता, गाडी सोडली होती, पोराच्या मोटरसायकलवर बसून बाजाराला आला होता. इतक्या वर्षांनी दुकानासमोर उतरला. धम्मरत्ननं आवाज ओळखला, बसायला टायर पुढे केला, इंदूबाईला चहा सांगितला आणि लेकीच्या जहाजाची गोष्ट सुरू केली. देवसिंगनं कप खाली ठेवला.

"कोनतं म्हनलं?"

"मिथेनॉल."

"धम्माभाऊ, तुमाले खरंच मालूम नाही काय? माझ्या टँकरवर तेच लिवलं राहे. त्या डब्यात तेच होतं."

हवेचं मशीन चालू होतं. इंदूबाईनं ते बंद केलं. मग तिनंच विचारलं, "म्हंजे जे इंजिनाले पाजाचं ते ह्यायनं पेलं?"

"तवा इंजिनाले कोनी पाजत नोतं वयनी. कारखान्यात जाये. रंगात, औषधात, कायकायच्यात."

देवसिंग गेल्यावर धम्मरत्ननं काम केलं नाही. मी संध्याकाळी गेलो तर तो नुसत्या खाटेवर बसला होता. "तुमाले मालूम होतं का भाऊ?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. त्याला राग आला नाही, किंवा आला असेल तर कोणावर काढावा हे त्याला समजलं नसावं. तो एवढंच म्हणत राहिला, "त्याले साफ इंधन म्हनते म्हने. साफ. कोनासाठी साफ?" नंतर म्हणाला, "डिझेल गळलं का डाग दिसते. हे तं पान्यावानी. पोरीले दिसन कसं?"

त्यानंतर दीपमालाचा फोन आला की तो इंदूबाईकडे द्यायचा. लेकीला हे माहीत आहे की नाही, हे त्याला कळत नव्हतं. माहीत नसेल तर सांगावं का? माहीत असेल तर तिनं सांगितलं का नाही? आणि माहीत असून ती त्याच जहाजावर चढली असेल तर तिला म्हणावं काय? तो एकदा मला म्हणाला, "ती तिकडे रोज त्याच्याच बाजूले झोपते." मग स्वतःच म्हणाला, "पन ते तिची पोटाची भाकर हाये."

हिवाळ्यात ती सुट्टीवर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानावर एका ट्रकचं चाक उतरवत होती, तेव्हा बापानं विचारलं.

"तुले मालूम होतं?"

तिनं पहार खाली ठेवली. "होतं बाबा. आमाले आधी कोर्स देतेत. मॅडमनं सांगतलं, पोटात गेलं का पयले काईच होत नाही, मंग डोळ्यापुढं धुकं येते. मी वर्गातून बाहेर निंगून गेली. तुमी म्हनलेले 'आज धुकं कायचं पडलं', ते मायनं कितीदा सांगतलं होतं."

"मंग काहून गेली व तरी?"

"मले बी नीट सांगता येत नाही." ती टायरवर बसली. "जुन्या जहाजाचा धूर बंदरात थेट वस्तीवर जाये. लोकायचे कपडे वाळत राहे तठी. वाटे, हे काही चांगलं काम नाही. मंग हे आलं. पाइपावर दुसरा पाइप, जागोजाग वास पकडाचे यंत्र, जरासं सुटलं का भोंगा वाजते. पान्यात सांडलं तं पान्यात मिसळून जाते, काळा तवंग राहत नाही."

"ते कायपासून बनवते?"

"कचऱ्यापासून बनते, शेनाच्या गॅसपासून बनते, कापसाच्या पऱ्हाटीपासून बी बनवता येते. तसं बनलं तं खरं साफ. पन जास्त करून जमिनीतल्या गॅसपासूनच बनते अजून. टाकीत दोनी सारखेच दिसते."

"म्हंजे साफ हाये का नाही, हे बी मालूम नाही?"

"कधी हाये, कधी कमी हाये."

"अन् आग लागली तं?"

"त्याची ज्योत फिक्की निळी राहते. उन्हात दिसतच नाही. म्हनून वेगळे कॅमेरे लावले हायेत."

"मंग तठी सारेच माझ्यासारखे," तो म्हणाला. लेक हसली, मग रडली, आणि चाक तसंच राहिलेलं पाहून ट्रकवाला चहा प्यायला निघून गेला.

तिनं जावं की जाऊ नये, यावर त्या घरात कोणी निकाल दिला नाही. इंदूबाई म्हणाली नको. दुपारी म्हणाली जा. धम्मरत्नला विचारलं की तो म्हणायचा, "मी काय सांगू, मले दिसत नाही." आधी तो हे गमतीनं म्हणायचा, आता तसं वाटेना. तिला परत काळ्या तेलाच्या जहाजावर जागा मिळू शकत होती. तिनं बॅग भरली तेव्हा ती कोणत्या जहाजावर निघाली हे बापानं विचारलं नाही. बसस्टँडवर मात्र गाडी सुटताना खिडकीला हात लावून म्हणाला, "हातमोजे घालत जाय." तेव्हा इंदूबाईला कळलं की लेक त्याच जहाजावर निघाली हे त्याला ठाऊक आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी तिचा व्हिडिओ फोन आला. मी हवा भरायला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं.

"बाबा, एक काम होतं. जहाजावर दोन जन नवीन आले. जेवताना हसून राह्यले होते, का टाकीत एवढी दारू भरली अन् आपल्याले थेंब नाही म्हनून. मी सांगतलं त्यायले, पन ते कागदावरचं सांगनं वाटते त्यायले. तुमी बोलसान का?"

"मी? कोनत्या भाषेत?"

"तुमी आपल्या भाषेत बोला. मी सांगतो त्यायले."

धम्मरत्ननं शर्टाच्या गुंड्या चाचपल्या. इंदूबाईनं त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरला. पलीकडे सहा-सात माणसं एका टेबलाभोवती बसलेली दिसत होती, वेगवेगळ्या देशांची.

"ते मले पाहून राह्यले काय?"

"हो बाबा."

मला वाटलं आता फोन बाजूला करायला सांगणार. मग म्हणाला, "त्यायले सांग, पयले काईच होत नाही. चव बी वाईट नाही. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलतो. माझा सोबती बी गेलता. त्याचं नाव फुलचंद होतं. हे नाव सांग त्यायले."

दीपमाला इंग्रजीत बोलत गेली. तिकडची माणसं हलली नाहीत. त्यातल्या एका पोरसवदा माणसानं काहीतरी विचारलं.

"बाबा, तो विचारते, आता डोळ्यापुढं काय दिसते? अंधार?"

"अंधार बी नाही," धम्मरत्न म्हणाला. "काय म्हनू? तुझ्या मांगं काय हाये, हे तुले तुझ्या पाठीनं दिसते का? तसं."

तिनं ते कसं सांगितलं कोण जाणे. पलीकडे एकानं टोपी काढली. मग आवाज तुटायला लागला आणि फोन बंद झाला.

इंदूबाईनं फोन पदराला पुसला. धम्मरत्न अजून त्याच दिशेला तोंड करून बसला होता.

"इंदू, काय म्हनले व ते?"

"काई नाही म्हनले. पायत होते."

"हसत नोते?"

"नाही."

"आता साऱ्या दुनियेत माझं दारू पेनं मालूम झालं," तो म्हणाला. "हे चांगलं झालं का वाईट झालं?"

इंदूबाई माझ्याकडे बघू लागली. मी हवा भरून घेतली. तेवढ्यात एक ट्रक दुकानासमोर येऊन थांबला आणि क्लीनरनं आवाज दिला, "मिस्त्री, मागचं डाव्या बाजूचं." धम्मरत्न उठला, खांबाला हात लावून उभा राहिला, आणि पुढे निघण्याआधी पुन्हा इंदूबाईला म्हणाला, "तिले सांगजो, अजून कोनी नवीन आलं तं फोन लावजो म्हना." जरा वेळानं म्हणाला, "नाहीतर राहू दे. मंग सांगू."