चव्वेचाळीस ठोके

माझ्या व्याख्यानांमध्ये एक खेड्यातला डॉक्टर असायचा. नवाकोरा एमबीबीएस, गळ्यात स्टेथोस्कोप आणि डोक्यात नुकतंच पाठ केलेलं पुस्तक. त्याच्याकडे एक कबड्डी खेळणारा गडी फिटनेसचा दाखला मागायला येतो. डॉक्टर नाडी मोजतो तर ती मिनिटाला चव्वेचाळीस भरते. डॉक्टरला घाम फुटतो. समोरचा गडी मात्र ठणठणीत, उलट डॉक्टरलाच विचारतो की साहेब, पाणी देऊ का? इथं मी थांबायचो आणि पोरं हसायची. मग मी समजावून सांगायचो की रोज पळणाऱ्या-खेळणाऱ्या माणसाचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. हा रोग नव्हे, ही कमाई आहे.

‘माझा एक वर्गमित्र होता,’ अशी त्या गोष्टीची सुरुवात असायची. बारा-तेरा वर्षं मी ती सांगितली. असा कोणी वर्गमित्र नव्हता. तो डॉक्टर मी होतो, आणि पाण्याचं ते वाक्य मी पदरचं घातलेलं होतं.

साल ब्याऐंशी. जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि अंबडच्या पुढे एका आरोग्य केंद्रात माझी पहिली नेमणूक होती. मी जुन्या जालन्यात कापड दुकानांच्या गल्लीत वाढलेला. खेड्यातल्या लोकांना शहाणं करायला सरकारनं आपल्याला धाडलंय, अशा थाटात मी वागायचो. तो कबड्डीवाला गडी कुंभार पिंपळगावच्या बाजूच्या एका गावचा, चोवीस वर्षांचा, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. त्याच्या चढाईचं नाव होतं. एका दमात समोरच्या तिघांना हात लावून तो परत येतो, असं माझा कंपाउंडरसुद्धा सांगायचा. राज्याच्या निवड शिबिराला त्याला बोलावणं आलं होतं आणि सोबत डॉक्टरचा दाखला लागत होता. त्याला माझ्याकडून तेवढाच एक कागद हवा होता.

मी मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. चव्वेचाळीस. पुन्हा मोजली, पुन्हा तेवढीच. छातीला नळी लावली तर ठोक्यांच्या मध्ये एक बारीक फूत्कार ऐकू आला. नाडी इतकी खाली गेली की हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा समजावा, असं परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. मी त्याला फोटो आणि कार्डिओग्राम काढायला जालन्याला पाठवलं. एक अख्खा दिवस एसटीत आणि रांगेत घालवून तो पाकीट घेऊन आला. छातीच्या फोटोत हृदयाची सावली जराशी मोठी होती, कार्डिओग्रामवर एक अंतर जरासं लांब होतं. झालं, माझं निदान पक्कं. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आनंद झाला. खोकला आणि जुलाबाच्या रांगेत एवढा मोठा रोग मी एकट्यानं पकडला होता.

जालन्यात तेव्हा एक जुने फिजिशियन होते. त्यांना एकदा विचारावं असं मनात येऊन गेलं. पण ते मला चड्डीत असल्यापासून ओळखत, अरेतुरे करत, आणि विचारायला जायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं. गेलो नाही. खरं तर त्यांचीही गरज नव्हती. त्याला तिथल्या तिथं वीस उठाबशा काढायला लावून नाडी पुन्हा मोजली असती तरी भागलं असतं. खरा अडथळा असेल तर ठोके फारसे वाढत नाहीत, निरोगी हृदयाचे झरझर चढतात. त्याला ना यंत्र लागतं ना खर्च. मला ते सुचलं नाही. तू रोज किती पळतोस, एवढंही मी विचारलं नाही.

“तुझं हृदय मोठं झालंय,” मी म्हणालो. “खेळलास तर मैदानातच जाशील.”

तो बराच वेळ माझ्या टेबलावरच्या दाखल्यांच्या पॅडकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “थोडं थोडं खेळलं तर, साहेब?”

“बिलकुल नाही.”

बाहेर त्याची आई बसली होती. तिला कळल्यावर ती आत आली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

पुढं त्याच्या गावात लसीकरणाला गेलो की तो दिसायचा. गावानं त्याला जपायचं ठरवलं होतं. पोतं उचलायला गेला तर दोघे धावत यायचे. संध्याकाळी पोरं कबड्डी खेळायची तेव्हा तो कडेला दगडावर बसून गुण मोजायचा. मला पाहिलं की उभा राहायचा आणि सांगायचा की पथ्य पाळून राह्यलो, साहेब. मी शाबासकी द्यायचो. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. माझीही बदली झाली.

शहाऐंशी साली नोकरीतून रजा काढून मी शरीरक्रियाशास्त्रात एमडी करायला गेलो. सुरुवातीच्याच एका प्रात्यक्षिकाला आमच्या सरांनी कॉलेजातला एक धावपटू आणला होता. नाडी सेहेचाळीस. सरांनी त्याला लाकडी ठोकळ्यावर पाच मिनिटं चढउतार करायला लावलं. नाडी भराभर वर गेली आणि तो थांबताच तितक्याच झपाट्यानं खाली आली. सर म्हणाले की हे खेळाडूचं हृदय, जरा मोठं असतं, कधी फूत्कारही ऐकू येतो, आणि अनाडी डॉक्टर याला आजारी ठरवतात. वर्ग हसला. मीही हसलो, आणि हसता हसता मला ते चव्वेचाळीस ठोके आठवले.

त्याच संध्याकाळी मी आंतरदेशीय पत्र आणलं. ‘तुझी प्रकृती उत्तम आहे. खेळायला काहीही हरकत नाही,’ एवढी दोन वाक्यं लिहिली आणि थांबलो. पुढचं वाक्य कोणतं, हे मला माहीत होतं आणि ते मला लिहायचं नव्हतं. पत्र पुस्तकात ठेवलं. उद्या टाकू म्हटलं. मग म्हटलं, त्याचं आता लग्न झालंय, खेळ सुटलाय, कशाला जखम उकरा. मग म्हटलं, कोण जाणे, त्याला खरंच काही असेलही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते पत्र मी कधीच टाकलं नाही.

उलट तोच विषय प्रबंधाला घेतला. पुढं लोक विचारायचे की कबड्डीपटूंच्या हृदयाकडे तुम्ही कसे वळलात, तेव्हा मी ग्रामीण खेळांच्या उपेक्षेबद्दल बोलायचो. कोणाला यात प्रायश्चित्त दिसत असेल तर तसं काही नव्हतं. मला प्रबंध लिहायचा होता आणि विषय मला त्याच्या मनगटावर सापडला होता. जुन्या जालन्यातल्या सुताराकडून मी ठोकळा करून घेतला, तो एसटीच्या टपावर टाकून गावोगाव फिरलो, तालमीतली पोरं आणि धान्याच्या मोंढ्यातले हमाल यांना त्यावर चढवलं-उतरवलं. तीर्थपुरीपर्यंत गेलो. तिथून पुढं त्याच्या गावाकडे जाणारी गाडी समोर उभी असायची आणि मी जालन्याच्या गाडीत बसायचो. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी सरांचे, प्रयोगशाळेतल्या शिपायाचे, बायकोचे आभार मानले आहेत. पुढं शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात शिकवायला लागलो, घर जुन्या जालन्यातच ठेवलं, निबंध छापून आले, व्याख्यानांची बोलावणी यायला लागली.

आणि एक्क्याण्णव साली दिवाळीच्या सुमारास तो पत्ता शोधत घरी आला. खांद्यावर मोसंबीचं पोतं. बागेला पहिलं फळ धरलं होतं आणि ते त्याला माझ्या घरी पोचवायचं होतं. बायकोला त्यानं सांगितलं की साहेबांनी त्या टायमाला पकडलं, न्हाई तर मी आज न्हवतो. त्यानंतर दरवर्षी पोतं यायचं. मुलं आवडीनं खायची. बायको रस काढून माझ्यासमोर ठेवायची आणि मी काहीतरी निमित्त काढून उठायचो. एवढे उपकार केलेत तरी काय त्याच्यावर, असं तिनं एकदा विचारलं. जुना पेशंट आहे, म्हणालो. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर न खाताच खवखवायचं. पण एका वर्षी त्याच्यासमोर खावी लागली आणि गोड आहे असं सांगावंही लागलं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात तो आला तो मुलीला घेऊन. एकोणीस वर्षांची, बापासारखीच लांब पायांची. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं आणि धावण्यात ती तालुक्यात पुढं होती. पण त्यानं तिचे बूट काढून घेऊन कडीकुलपात ठेवले होते.

“माझं हृदय असं मोठं,” तो म्हणाला. “हिच्यात बी उतरलं असंल तर? तुम्ही सांगताल ते बराबर.”

तिची नाडी बावन्न होती. मी तिला वीस उठाबशा काढायला लावल्या. नाडी चढली, आणि बघता बघता उतरली. मुलगी सोन्यासारखी होती. सांगायची वेळ आली असेल तर ती हीच, हे मला स्पष्ट कळत होतं. वाक्य जिभेवर होतं. आणि मी म्हणालो, “वडिलांचा आजार हिच्यात उतरलेला नाही. पळू दे हिला.”

त्याचे डोळे भरून आले. मग लाजत लाजत त्यानं स्वतःचं मनगट पुढं केलं. मी मोजली. अठ्ठ्याहत्तर, कोणाचीही असते तशी. एकवीस वर्षं खेळ सोडल्यावर दुसरं काय होणार? त्याच्या अंगात जे कमावलेलं होतं ते निघून गेलं होतं आणि माझ्या चुकीचा पुरावाही त्याच्याबरोबर गेला होता.

“पथ्य पाळलं म्हणून बराबर झाली ना, साहेब?”

मी हो म्हणालो. आयुष्यात मी पुष्कळ लाजिरवाण्या गोष्टी केल्या असतील, पण त्या ‘हो’ची मला जितकी शरम वाटते तितकी कशाचीच वाटत नाही.

पावसाळ्यात जालन्यात भरतीची तयारी करणाऱ्या मुलींसाठी एक शिबिर होतं. मला व्यायाम आणि हृदय या विषयावर बोलायला बोलावलं होतं. वर्गमित्राची गोष्ट मी सवयीनं सुरू केली. चव्वेचाळीस म्हटलं, घाम फुटल्याचा अभिनय केला, मुली हसल्या. तेव्हा तिसऱ्या रांगेत त्याची मुलगी दिसली. वही उघडी होती आणि ती हसत नव्हती. मला थांबता आलं नाही; गोष्ट कबड्डीची, फोटोची, दाखल्याची, जशीच्या तशी पुढं गेली. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर तिनं हात वर केला.

“सर, मंग त्या माणसाचं पुढं काय झालं?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. डॉक्टरवर हसून सगळे घरी जायचे.

“माहीत नाही,” मी म्हणालो. ती खाली बसली.

त्या दिवाळीला तो येणार नाही असं मला वाटलं, आणि लाज वाटते सांगायला, पण त्या विचारानं जीव हलका झाला. तो आला. पोतं ओसरीवर उतरवलं, मुलगी भरतीत निवडली गेल्याचं सांगितलं, पाणी प्याला. बायको आत गेल्यावर त्यानं पिशवीतून ब्याऐंशी सालचं ते पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. कडा फाटल्या होत्या, आतला फोटो पिवळा पडला होता. पोरीनं तुमच्या मित्राची गोष्ट सांगितली, म्हणाला.

“तो मित्र मीच,” मी म्हणालो. “तुम्हाला काही झालेलं नव्हतं.” त्याला पहिल्यांदाच मी अहोजाहो करत होतो, हे बोलल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्यानं मान हलवली. त्याला ते आधीच कळलेलं होतं. तो फक्त मी सांगतो का हे बघत होता. “तवा तुम्ही बी लहानच होते,” तो म्हणाला. “चुकतं माणूस.”

मी इतक्या लवकर सुटेन असं मला वाटलं नव्हतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बहुधा आभारच मानणार होतो.

“पर तुम्हाला कळलं कवा?”

मला खोटं बोलता आलं असतं. अलीकडेच, म्हणून सांगता आलं असतं, आणि ते ओठापर्यंत आलंही होतं. तो शांतपणे वाट पाहत होता, पूर्वी दाखल्याच्या पॅडकडे पाहत बसला होता तसा.

“शहाऐंशी साली.”

बोटाच्या पेरांवर अंगठा टेकवत त्यानं वर्षं मोजली. मग पाकीट उचलून परत पिशवीत ठेवलं आणि उठला. पायऱ्या उतरायच्या आधी पोत्याशी थांबला.

“अठ्ठावीसचा होतो मी तवा,” तो म्हणाला. “खेळ काही आता होत न्हाई म्हणून त्याच वर्सी ही बाग लावली.”