आठ बारांचं युद्ध

हरिओमला गावानं दोनदा डोक्यावर घेतलं. पहिल्यांदा तो टीव्हीवर दिसला तेव्हा, आणि दुसऱ्यांदा टीव्हीवर त्याच्या मागं गावचा डोंगर दिसला तेव्हा. दुसऱ्या वेळी घेतलं नसतं तर त्याची नोकरी राहिली असती. पण गावाला आनंद झाला की ते कुणाला विचारत बसत नाही.

हे गाव जिंतूरहून येलदरीला जाताना लागतं. हातभर माती, खाली नुसता काळा पाषाण. इथं विहीर खणत नाहीत, फोडतात, आणि गेली चाळीस वर्षं ती सटवाजी फोडतो. त्याची एक रीत आहे. खडकात भोकं पाडून सुरुंगाचे तोटे भरले, लहान-मोठ्या वाती लावल्या, की तो काठावर उभा राहून लाल फडकं हलवतो आणि बार किती आहेत ते तीनदा ओरडून सांगतो. "सुरुंग हाऽऽय, पाच बाऽऽर!" शिवारातली माणसं असतील तिथं बांधाआड बसतात आणि बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवत मोजतात. पाचवा ऐकल्याशिवाय कुणी उठत नाही, आणि सटवाजी "झाऽऽले" म्हणाल्याशिवाय कुणी विहिरीत उतरत नाही. इथली पोरं पाढ्यांच्या आधी हे शिकतात. हरिओमही शिकला होता.

हरिओम बन्सीधररावांचा मुलगा. बन्सीधरराव मास्तर होते. पोरानं बँकेत लागावं एवढीच त्यांची इच्छा होती. पोरगं परभणीला कॉलेजात गेलं आणि तिथल्या केबलवर बातम्या वाचायला लागलं. उलटलेली टेम्पो ट्रॅक्स, मोंढ्यातली आग, पुढाऱ्यांचे वाढदिवस. आवाज खणखणीत, आणि जिथं सगळे मागं सरकतात तिथं हा पुढं जायचा. पुरात अडकलेल्या एका वाडीत गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभं राहून तो बोलला आणि मुंबईच्या चॅनलनं त्याला उचललं. मुंबईतून दिल्लीच्या हिंदी चॅनलवर. पुढं परदेशात कुठं युद्ध पेटलं तर जायला कुणी तयार नव्हतं, हा तयार झाला. तेव्हापासून त्याच्या नावापुढं 'युद्ध प्रतिनिधी' लागलं आणि डोक्यावर निळं हेल्मेट आलं. मास्तर हे बघायला राहिले नाहीत.

वाद तेव्हापासूनच मागं लागले. परदेशातल्या त्या शहरात तो भिंतीआड दबून 'इथं एक पाऊलही बाहेर टाकता येत नाही' असं सांगत असताना मागच्या गच्चीवर एक बाई निवांत कपडे वाळत घालत होती. लोक हसले, विसरले. दुसरं प्रकरण हसण्यासारखं नव्हतं. वालूरच्या बाजूचा एक जवान सीमेवर मारला गेला, आणि हरिओमला ते सरकारी माणसांच्या आधी कळलं. त्यानं तिथल्याच एका ओळखीच्या बातमीदाराला माइक घेऊन त्या जवानाच्या आईच्या, गीताबाईंच्या दारात पाठवलं आणि दिल्लीत बसून त्यांना विचारलं, मुलाबद्दल काय सांगाल? त्या मोठ्या कौतुकानं सांगत राहिल्या. तो गेलाय हे त्यांना माहीतच नव्हतं. चॅनलनं नंतर दोन ओळींची माफी दाखवली. हरिओमनं त्याबद्दल कुठंही काही लिहिलं नाही, बोलला नाही. धंद्यात असं होतं, एवढंच त्यानं आईला, सुमनबाईंना फोनवर सांगितलं. त्यावर सुमनबाईंनी दोन महिने त्याचा फोन उचलला नाही.

तिसऱ्या वादाच्या वेळी तो सीमेवरून नुकताच परतला होता. आठ दिवस तोफांच्या आवाजात काढलेले, झोप पार उडालेली. सुमनबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणून चार दिवसांची सुट्टी घेऊन तो गावी आला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी दिल्लीहून फोन आला. सीमेवरच्या दुसऱ्या माणसाशी संपर्क तुटलाय, दहा मिनिटं तूच बोल, परिस्थिती समजावून सांग, ठिकाण आम्ही लिहिणार नाही. थेट दिसण्याएवढी रेंज गावात फक्त डोंगराच्या सोंडेवर. हा हेल्मेट आणि जाकीट घालून वर गेला. ते कशाला घातलं, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. फोन काठीला बांधून समोर उभा केला आणि बोलायला लागला.

खाली किशनरावांच्या विहिरीचं काम चालू होतं.

पहिला बार उडाला आणि हरिओम खाली बसला. हे नाटक नव्हतं. आठ दिवसांत अंगाला लागलेली सवय होती. पण दिल्लीत बसलेली निवेदिका किंचाळली, की बघा, आमच्या प्रतिनिधीच्या अगदी जवळ तोफगोळे पडताहेत. दुसरा बार, तिसरा बार. हरिओम, सांभाळा! एवढंच म्हणायचं होतं, की बाई, ही विहीर आहे. चार शब्दांचं काम. तो म्हणाला, "हो, इथं सतत आवाज येताहेत." पडद्यावर तोवर 'सीमेवरून थेट' असं लाल अक्षरांत झळकलं होतं. आवाज थांबले तसा तो उठला, आणि आता थोडी शांतता आहे असं सांगून त्यानं निरोप घेतला. त्या संध्याकाळी ती चित्रफीत चॅनलनं पंचवीस वेळा दाखवली.

गाव काही आंधळं नव्हतं. मागं आपला डोंगर, त्यावरचं अर्धं जळालेलं बाभळीचं झाड, आणि पहिल्या बाराआधी अगदी बारीक पण स्पष्ट सटवाजीची हाळी. गावाला काही खोटं पकडायचं नव्हतं, गाव हरखून गेलं होतं. प्रत्येकाच्या मोबाइलवर तेच. सरपंच व्यंकटरावांनी दुसऱ्या दिवशी स्टँडवर फ्लेक्स लावला: एका बाजूला हेल्मेटातला हरिओम, दुसऱ्या बाजूला फडकं घेतलेला सटवाजी, वर 'आपल्या गावचा सुरुंग देशाच्या टीव्हीवर'. त्या फ्लेक्सचा फोटो कुणीतरी पुढं पाठवला आणि तीन दिवसांत तो देशभर फिरला. ज्यांचा हरिओमवर राग होता त्यांना आयतंच मिळालं. व्यंकटरावांनी फ्लेक्स उतरवला तेव्हा फार उशीर झाला होता.

चॅनलनं हरिओमला एकच वाट ठेवली. हा डोंगर आमचा नाही, फ्लेक्स ही पोरांची चेष्टा होती, असं गावानं सांगावं, आणि तो आवाज माझा नाही, त्या दिवशी मी बार उडवलेच नाहीत, असं त्या सुरुंगवाल्यानं कॅमेऱ्यासमोर म्हणावं. एवढं मिळालं तर चॅनल पाठीशी उभं राहील. नाही तर सगळं हरिओमच्या डोक्यावर. नोकरी जाणार, आणि या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. पंधरा वर्षं घालून केलेलं नाव एका विहिरीत जाणार होतं.

गाव एका पायावर तयार झालं. आपण बुडवलं, आपणच काढू, असा सगळ्यांचा हिशोब. किशनराव तर म्हणाले, मी विहीरच फोडली नाही असं सांगतो, वाटल्यास वर कडबा टाकून झाकतो. गावाची ती माया बघून हरिओमच्या डोळ्यांत पाणी आलं. राहिला होता एकटा सटवाजी. त्याचं काय, चाळीस वर्षं गावासाठी खपलेला माणूस, तो काय नाही म्हणतोय, असं म्हणत हरिओम फोन आणि काठी घेऊन सकाळी त्याच्या घरी गेला.

सटवाजी ओट्यावर बसून वाती कापत होता. बायको कडूबाई शेजारी ज्वारी निवडत होती. तिला हल्ली कमी ऐकू यायचं. हरिओमनं सगळं सांगितलं. सटवाजीनं मान खाली घालून ऐकलं आणि मग म्हणाला, "दुसरं कायबी बोलवून घे माज्याकडून. बाराचं न्हाई."

हरिओमला वाटलं, म्हाताऱ्याला नीट समजलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. सटवाजीनं कात्री बाजूला ठेवली आणि धाकट्या भावाचं, गोपाळचं सांगितलं. हरिओमच्या जन्माआधीची गोष्ट. अकरा बार होते. शेवटी दोन एकदम उडाले की एकच उडाला हे सटवाजीला नीट कळलं नव्हतं. विहिरीचा मालक घाई करत होता, ऊन चढलं होतं, गडी भुकेले होते. सगळ्यांना अकरा हवे होते म्हणून तो अकरा म्हणाला. गोपाळ खाली उतरला आणि त्यानं पहार मारली. राहिलेला बार तेव्हा उडाला. तेव्हापासून सटवाजी एकट्याच्या मोजणीवर कुणाला उतरू देत नाही. काठावर दुसरं कुणीतरी मोजतं. दोन्ही आकडे जुळले तरच तो 'झाले' म्हणतो. इतकी वर्षं ते दुसरं माणूस म्हणजे कडूबाई.

गेले पंधरा दिवस हरिओम स्वतःला जे बजावत आला होता, ते सगळं त्यानं सटवाजीपुढं ओतलं. मी मुद्दाम केलं नाही. आठ दिवस तोफा ऐकल्या होत्या, डोकं ठिकाणावर नव्हतं. "मामा, खरं सांगतो, मला तेव्हा विहीर आठवलीच न्हाई. मला तोफच वाटली."

सटवाजीनं नातीला, अपेक्षाला हाक मारली आणि तिचा मोबाइल मागितला. चॅनलनं नंतर दाखवला तो तुकडा नव्हे, थेट प्रक्षेपणाची अख्खी चित्रफीत तिनं लावून दिली. ती सटवाजीनं आधी बरेचदा पाहिलेली असावी, कारण त्यानं पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर नेमकं बोट ठेवलं. उजव्या हातात माइक धरून हरिओम उकिडवा बसला होता. डावा हात गुडघ्यावर होता.

"तुजा अंगठा बग," सटवाजी म्हणाला.

हरिओमनं पाहिलं. दुसरा बार झाला आणि अंगठा करंगळीच्या दुसऱ्या पेरावर गेला. तिसरा झाला, तिसऱ्यावर. निवेदिका किंचाळत होती, हरिओमचं तोंड घाबरं होतं, सतत आवाज येताहेत म्हणून तो सांगत होता, आणि खाली अंगठा एकेक पेर सरकत होता. मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर तो थांबला. आठ. त्याच क्षणी हरिओम उठून उभा राहिला, जाकीट झटकलं आणि शांतता आहे म्हणाला. नववा येणार नाही हे माहीत असलेल्या माणसासारखा.

"मी वरडून सांगितलं होतं आठ," सटवाजी म्हणाला. "तू आठ होईस्तोर बसलास अन् उठलास. दिल्लीवाल्याला ते दिसायचं न्हाई. मला दिसायलंय. आता तुजी मर्जी."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर हरिओमला सोपं गेलं असतं. त्यानं चित्रफीत पुन्हा लावली, मग पुन्हा. तो इतके दिवस सगळ्यांशी खोटं बोलत होता हे त्याला ठाऊक होतं. स्वतःशीही बोलत होता हे आता कळलं. आणि त्याला कसं कोण जाणे, गीताबाई आठवल्या. दारात उभ्या राहून पोराचं कौतुक सांगणाऱ्या. तेव्हाही त्याला सगळं माहीत होतं, आणि तोंडानं तो दुसरंच विचारत होता. त्याला स्वतःची शरम वाटली.

सटवाजीसाठी आणलेली काठी त्यानं ओट्यापुढं रोवली, फोन बांधला आणि स्वतः समोर उभा राहिला. हेल्मेट नाही, जाकीट नाही. तो म्हणाला, मी सीमेवर नव्हतो, माझ्या गावात होतो. तुम्ही ऐकलंत ते किशनरावांच्या विहिरीचे बार होते. मला चूक दुरुस्त करता आली असती, मी केली नाही. मग जरा थांबून म्हणाला, "आठ बार होते. मी मोजले होते."

ती चित्रफीत त्यानं सगळीकडं पाठवून दिली आणि नोकरी दुपारच्या आत गेली. चॅनलनं त्याच्या नावानं पाच मिनिटांचा कार्यक्रम केला आणि विषय मिटवला. गावही फुगून बसलं. एवढं खोटं बोलायला आपण तयार झालो आणि यानं आपल्यालाच तोंडावर पाडलं, असं व्यंकटराव अजून म्हणतात. गीताबाईंच्या घरी तो एकदा जाऊन आला. त्यांनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. आता तो जिंतूरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवतो आणि गावातच राहतो. सुमनबाई नव्या डोळ्यानं त्याच्याकडं बघतात आणि वाळलास म्हणतात.

मागच्या महिन्यात सटवाजी दारात आला. कडूबाईचे कान पार गेले होते. ओढ्याकडच्या विहिरीवर सहा बार लावलेत, चल, एवढंच तो म्हणाला. दोघं काठाजवळच्या बांधाआड बसले. हाळी झाली, बार उडाले, धूर वर आला. खाली उतरायला चार गडी कमरा कसून उभे होते, आणि मालक ऊन चढतंय म्हणून चुळबुळत होता.

"माजे सहा," सटवाजी म्हणाला. "तुजे?"

हरिओमनं अंगठ्याकडं पाहिलं. "पाच."

मालक म्हणाला, सहाच असतील, मीबी ऐकले. सटवाजीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. गड्यांना त्यानं हातानं मागं सारलं आणि परत बांधाला टेकून बसला. त्या दिवशी विहिरीत कुणी उतरलं नाही.